लुंबिनीची न खायची बाग

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी लुंबिनी रामटेके काय काम करते, हे लोकांना एका वाक्यात सांगणं अवघड आहे. "बागा करते" म्हटलं, की समोरचा आपल्या बाल्कनीतला मनीप्लांट पिवळा का पडतो ते विचारायला लागतो. "प्रदूषित जमिनीवर बागा करते" म्हटलं, की म्हणतो, "म्हणजे दिल्लीत." ह्यावर काय बोलणार?

तरी सांगतो. कारखाना बंद पडतो, यंत्रं भंगारात जातात, मालक दुसरा धंदा काढतो. मागे राहते ती जमीन. तिच्यात वर्षानुवर्षं तेजाब, जस्त, शिसं असं काय काय मुरलेलं असतं. तिथे घर बांधायला कोणी धजत नाही, शेती करता येत नाही, आणि तशीच सोडली तर उन्हाळ्यातली गरम लू सुटली की तिची धूळ आजूबाजूच्या घरांतल्या पोळ्यांवर जाऊन बसते. अशा जमिनीला लुंबिनी पांघरूण घालते. सगळ्यात खराब माती एका बाजूला टेकाडासारखी रचायची, तिच्यावर चिकणमातीचा जाड थर, त्यावर बाहेरून आणलेली चांगली माती. पाणी वाहून जिथे जमतं तिथे वाळा आणि पाणकणीस, कारण ही मंडळी घाण पाण्यात पाय सोडून आनंदात राहतात. आणि बाकी सगळीकडे ह्याच मुलखातली झाडं: पळस, हिवर, अडुळसा, मुंज गवत.

"बाहेरच्या झाडाला इथे पोसावं लागतं, भाऊजी," ती मला सांगते. "इथल्या झाडाला फक्त त्रास द्यायचा नसतो."

तिचे वडील भंडाऱ्याहून दिल्लीत आलेले, माझे साताऱ्याहून. त्यामुळे बाहेरच्या झाडांचा विषय निघाला की मी चहाचा विषय काढतो.

सरोजिनी नगरात जी जुनी सरकारी क्वार्टर्स अजून पाडायची राहिली आहेत, त्यांतल्या एका ब्लॉकमध्ये खाली रामटेके आणि वर आम्ही. लुंबिनीचा नवरा सुगत माझ्याच भवनात दुसऱ्या विंगमध्ये नोकरीला आहे. घरात तिसरं माणूस म्हणजे तिच्या सासूबाई. चंदामावशी भंडाऱ्याहून 'चार दिवसांसाठी' आल्या, त्याला बरीच वर्षं झाली. खालच्या मजल्याला दारापुढे चटईएवढी जमीन मिळते. तिच्यात लुंबिनीने डाळिंब लावलंय.

हे डाळिंब म्हणजे आमच्या दोन घरांच्या सलोख्याची परीक्षा आहे. त्याला लालभडक फुलं येतात आणि माझी बायको नीला हिला रोज सकाळी गणपतीसाठी लाल फूल लागतं. दिल्लीच्या थंडीत रुसलेली जास्वंद लवकर फुलायचं नाव घेत नाही, मग डाळिंब फुललं की नीला चोरपावलांनी जिना उतरते.

"दोनच घेते गं," ती सांगते.

ते खरंही आहे. फक्त आमच्या ब्लॉकमधल्या प्रत्येक घरातली बाई रोज खाली येऊन दोनच घेते. सगळ्या मिळून दोनच-दोनच घेतात आणि डाळिंब पुन्हा भुंडं होतं.

"नीलाताई," लुंबिनी चहाचा कप घेऊन दारात उभी राहून म्हणायची, "मी इतक्या मेलेल्या जमिनी जिवंत केल्या, पण माझ्या स्वतःच्या दारात एक डाळिंब धरत नाही. बाहेर सांगायची सोय नाही मला."

"अगं, फूल देवाला गेलं की झाडाचं सोनं झालं."

"सोनं नको हो ताई, डाळिंब पाहिजे."

हा संवाद इतकी वर्षं चाललाय की दोघींपैकी एक गावाला गेली तर दुसरीला करमत नाही.

तर ह्या लुंबिनीला बदरपूरच्या पुढे, फरीदाबादच्या बाजूला एक जागा मिळाली. लोखंडी नटबोल्टांना मुलामा द्यायचा कारखाना होता तिथे. बंद पडून जमाना झाला. मालकाच्या वारसांनी ट्रस्ट केला होता आणि त्याचा कारभार बघायचे राजीव सूद. सूदसाहेबांचं करोल बागेत गाड्यांच्या पार्ट्सचं पिढीजात दुकान. माणूस दिलदार, हसरा, पण बाग म्हणजे काय ह्याविषयी त्यांच्या कल्पना पक्क्या होत्या.

"मैडम, लॉन हो, फाउंटन हो, पाम के पेड़ हों. थोड़ा दुबई टाइप."

"दुबईतसुद्धा आता लोक दुबई टाइपला कंटाळलेत, सूदसाहेब," लुंबिनीने त्यांना हसत हसत हिंदीत सांगितलं आणि आपली एकच अट पुढे ठेवली: फाटक उघडं राहील. तिकीट नाही, ओळखपत्र नाही, उजाडल्यापासून मावळेपर्यंत कोणीही यावं. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना लहान लहान वर्कशॉप. दुपारी कामगार पत्र्याच्या कडेला हातभर सावली शोधून डबा खायचे. सबंध गल्लीत एक झाड नाही. त्यांना बसता आलं नाही तर ही बाग कोणासाठी?

सूदसाहेब मान हलवत म्हणाले, "चलो, ओपन. मगर एक भी पंगा हुआ ना मैडम, तो ताला."

एवढ्यावर सौदा झाला.

अशा बागेचा पहिला नियम म्हणजे खाण्याजोगं काही लावायचं नाही. वर कितीही चांगली माती घाला, मुळं किती खोल जाऊन काय उचलून आणतील ह्याचा भरवसा नाही. नियम सोपा वाटतो. पण आपल्या देशात काय खाण्याजोगं नाही, हे कोण सांगणार? पुस्तकात 'शोभेचे झुडूप' म्हणून छापलेलं असतं आणि कुठल्यातरी गावात त्याची चटणी वाटत असतात.

लुंबिनीने ह्यावर स्वतःची एक पद्धत काढली होती. ती चंदामावशींना घेऊन नर्सरीत जायची.

चंदामावशींचं बालपण धानाच्या बांधावर गेलेलं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वनस्पती आहेत: ज्यांची भाजी होते त्या, आणि ज्यांची भाजी कोणी अजून करून पाहिली नाही त्या. लुंबिनी त्यांना रोपांच्या वाफ्यांमधून हळूहळू फिरवायची आणि झाडांकडे न बघता सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघायची. चेहरा उजळला की झाड बाद. शेवगा असाच गेला. बोर गेलं. भोकराचं लोणचं मावशींनी तिथल्या तिथे कृतीसकट सांगितलं, ते गेलं. तरोट्याचं, म्हणजे आपल्या टाकळ्याचं, तर नुसतं नाव ऐकून मावशी म्हणाल्या, "लसूण जास्त लागते वो त्याले," आणि तरोटाही गेला.

बहाव्यापाशी जरा खटका उडाला. मे महिन्यात पिवळ्या झुंबरांनी लगडतो तो, दिल्लीकरांचा लाडका अमलतास. मावशी त्याच्याखाली थांबल्या. "हा तं बहावा होय! ह्याच्या फुलाची भाजी काय लागते वो बाई!"

"बिना अमलतास के दिल्ली?" सूदसाहेब फोनवर कळवळले.

"माझ्या सासूबाई त्याची भाजी करतात."

"आपकी सास फरीदाबाद आएँगी तोड़ने?"

"सासवा सगळीकडे असतात, सूदसाहेब."

ह्यावर त्यांनी अमलतासाचा नाद सोडला. त्यांच्याही घरी एक होत्या.

आता त्या जागेवर आधीपासूनच उभी असलेली तीन झुडपं होती. माणसाहून जरा उंच, पान औषधालाही नाही, नुसत्या हिरव्या काटेरी काड्यांचा गुंता. न विंचरलेल्या केसांसारखी दिसायची. इकडे त्यांना कैर म्हणतात. कारखान्याने त्या जमिनीवर काय काय ओतलं, बाकी सगळं जळून गेलं, ही तिघं मात्र हलली नाहीत. लुंबिनी पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभी राहिली ती बराच वेळ काही बोललीच नाही, असं सुगत सांगतो; आणि लुंबिनी बराच वेळ बोलत नाही ही त्या घरात फोन करून कळवण्यासारखी गोष्ट आहे.

चंदामावशींना मुद्दाम फरीदाबादला आणून ती झुडपं दाखवण्यात आली. मावशींनी चष्मा पुसला. एक काडी चिमटीत धरून पाहिली.

"पान नाही, सावली नाही. शेळी बी दोनदा विचार करंल. हे कोन खाते?"

"नक्की, आई?"

"माह्या उभ्या जन्मात कोनी खाल्लेलं पाह्यलं नाही."

झाडं पास झाली. लुंबिनीने सबंध बाग त्या तिघांभोवती आखली. मधोमध ती, त्यांच्याभोवती बसायला गोल कट्टा, तिथून फुटणाऱ्या वाटा. होळीच्या सुमाराला त्या बोडक्या काड्यांना विटकरी लाल फुलं आली आणि सूदसाहेबसुद्धा दुबई विसरून फोटो काढायला लागले. फाटक उघडलं. फाटकावर ओमबीरला नेमलं. हा गडी आधी त्याच कारखान्यात कामाला होता. त्याने दोन पाट्या रंगवून लावल्या: 'यहाँ का कुछ भी न खाएँ' आणि 'फूल तोड़ना मना है'. दुपारी कामगार कट्ट्यावर डबे सोडू लागले. जेवून झाल्यावर तोंडावर गमछा टाकून झोपू लागले. लुंबिनी म्हणायची, "भाऊजी, बाग चांगली झाली की नाही हे घोरण्यावरून कळतं."

आणि मग लोणचं आलं.

जूनमधला रविवार होता. रामटेक्यांकडे आम्ही जेवायला होतो. चंदामावशींचं वरण, वांग्याची भाजी, आणि मधोमध एक नवी बरणी. आत मोहरीच्या तेलात हिरवी, गोल, करवंदाएवढी फळं. मी एक तोंडात टाकलं. किंचित कडू, आंबट, तिखट, आणि मागून असा काही झणका, की मी पुढची दोन न विचारता घेतली.

"कुठलं गं हे?"

"ओमबीरच्या बायकोने पाठवलंय, सरबतीने. टेंटीचं लोणचं म्हणे," लुंबिनी पोळ्या आणता आणता म्हणाली.

"टेंटी म्हणजे काय?"

"काय की. इकडचंच काहीतरी असेल."

"लयच मस्त हाय," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी बरणी स्वतःकडे सरकवली. मी आणखी एक फळ वेळीच उचललं.

लुंबिनीने आभार मानायला ओमबीरला फोन लावला आणि हात पिठाचे म्हणून स्पीकरवर टाकला.

"ओमबीर, अचार बहुत अच्छा है. सरबती को बोलना."

"अरे मैडम, अच्छा क्यूँ ना होगा!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "आप ही का माल है! वो बीच में जो तीन झाड़ हैं ना बिना पत्ते के, उन्हीं की टेंटी है. इस बार तो पूरी गली ने डाला है."

मावशींचा हात बरणी आणि ताट ह्यांच्या मधोमध हवेत थांबला.

"म्हंजे," त्या हळूच म्हणाल्या, "जो मी पास केल्ता, तोच?"

झालं होतं असं, की कैरीच्या लोणच्यावर वाढलेल्या आपल्या लोकांना कैराचं लोणचं ठाऊक नव्हतं. पलवल, होडल, मथुरा ह्या पट्ट्यात टेंटीशिवाय वर्षाचं लोणचं पुरं होत नाही. चंदामावशींची जीभ म्हणजे भंडारा जिल्ह्याचा खात्रीलायक नकाशा होता, पण तो फरीदाबादपर्यंत पोचत नव्हता. इतकी वर्षं झुडपं कारखान्याच्या भिंतीआड होती. फाटक उघडलं आणि गल्लीतल्या बायकांना वाटलं, मॅडमनी एवढं हौसेने कट्टा बांधून टेंटी सांभाळलीय ती आपल्यासाठीच. पाटी होती की, पण ती बाहेरच्यांसाठी असते असं सगळ्यांचं मत पडलं.

लुंबिनी दुसऱ्या दिवशी गल्लीत गेली. घरोघरी फिरून बरण्या गोळा केल्या आणि एक बरणी लॅबला पाठवली. लॅबवाला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे माती येते, पाणी येतं. लोणचं पहिल्यांदाच आलं. वास मात्र फार छळतोय." अहवाल आला: फळांत शिसं, असायला हवं त्याहून जास्त. डॉक्टर म्हणाले, दोन-चार खाल्ल्याने काही होत नाही, बरणी संपवली नाहीत हे बरं. तरी मी आठवडाभर रोज वजनकाट्यावर उभा राहत होतो. नीला म्हणाली, "तुमचं वजन शिशाने नाही, साखरभाताने वाढलंय."

चंदामावशींनी प्रायश्चित्त म्हणून आंब्याचं लोणचं घालायला घेतलं. जेवढ्या बरण्या गल्लीतून आणल्या तेवढ्या भरून परत गेल्या. सरबतीने आपली बरणी घेतली, चव घेतली, "ठीक सै" एवढंच म्हणाली. टेंटीची सर नाही, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"अगले साल तेल ज्यादा डालूँगी," ती लुंबिनीला म्हणाली. "तेल में सब मर जावै."

"शिसं मरत नाही गं बाई," लुंबिनी मला सांगताना कपाळाला हात लावून म्हणाली. "शिसं काय जिवंत असतं?"

सूदसाहेबांचा फोन आलाच. "मैडम, ये है पंगा." पुढच्या मोसमात फळ धरायच्या आत दोनांपैकी एक: कैर मुळासकट काढा, नाहीतर फाटकाला कुलूप. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. उद्या कोणाचं पोर आजारी पडलं तर?

लुंबिनीला दोन्ही नको होतं. ज्या झुडपांनी सगळं सोसून जागा सोडली नाही त्यांना आता आपण काढायचं? आणि कुलूप लावलं तर दुपारी पुन्हा तो पत्रा आणि ती हातभर सावली. जाळी लावावी म्हटलं, तर ती वाकवून हात आत घालणं बायकांना काय अवघड?

ओमबीरने तोडगा काढला. "मैडम, सीधी बात. एक लाल चुनरी बाँध दो, दो अगरबत्ती. देवी का थान बोल दो. कोई हाथ लगा जाए तो मेरी मूँछ काट देना."

सूदसाहेब उसळलेच. "ब्रिलियंट! झीरो कॉस्ट!"

"नाही," लुंबिनी म्हणाली.

"अगं, नुसती चुनरी तर आहे," आमची नीला म्हणाली. "कोणाचं काही बिघडत नाही."

"आज चुनरी, ताई. उद्या घंटा, परवा दानपेटी. तेरवा मलाच सांगतील चप्पल बाहेर काढा, माझ्याच बागेत. आणि लोकांना खोटी भीती घालूनच वाचवायचं असेल तर बाबासाहेबांनी आम्हाला शाळेत कशाला घातलं?"

आतून चंदामावशींचा आवाज आला, "तिनं झाडाले चुनरी बांधली तं मी त्याच दिवशी भंडाऱ्याची गाडी पकडन."

सुगत हळूच म्हणाला, "रिझर्व्हेशन मिळत नाही, आई."

थंडी आली आणि गेली. लुंबिनी हसायची, बोलायची, पण चहा निवेपर्यंत कपाकडे बघत राहायची. सूदसाहेबांनी कुलूप विकत घेऊन गाडीत ठेवलंय असं ओमबीरने कळवलं होतं. करोल बागेतला माणूस, कुलूप घाऊक भावात आणलं असणार.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी मी गॅलरीत पेपर वाचत होतो. खाली डाळिंबाला मोसमातली पहिली फुलं आली होती आणि नीला परडी घेऊन झाडाशी. दार उघडून लुंबिनी बाहेर आली.

"नीलाताई, एवढ्या बागा केल्या मी, पण माझ्या दारात एक..."

ती मध्येच थांबली. मी पेपर खाली केला. इतक्या वर्षांत ते वाक्य कधी अर्धं राहिलं नव्हतं.

"ताई, तुम्ही दोनच तोडता ना?"

"दोनच गं! शपथ."

"आणि तुमच्या वरच्या उल्काताई?"

"त्याही दोनच."

"आणि तरी एक फळ धरत नाही." लुंबिनीचा चेहरा चंदामावशींचा बहावा दिसल्यावर उजळतो तसा उजळला. "ताई, फरीदाबादला याल? तुमच्या सगळ्या दोनचवाल्यांना घेऊन? लाल फुलं आहेत. हवी तेवढी. माझ्या झुडपाला फळ धरता कामा नये, एवढंच."

आयुष्यभर फुलं चोरून तोडलेल्या बाईला कोणी असं उघड आमंत्रण दिलं तर ती आधी घाबरते. नीलाने विचारलं, "गणपतीला चालतं का पण ते फूल?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर गणपतीला काय चालतं हे मला कधीच कळलं नाही."

"लाल आहे ना? मग चालतं."

अशा रीतीने होळीच्या आसपास सरोजिनी नगरच्या महिला मंडळाने मेट्रोने फरीदाबादकडे कूच केलं. प्रत्येकीच्या हातात रिकामी परडी आणि, काटे फार आहेत म्हटल्यामुळे, पर्समध्ये पापड भाजायचा चिमटा. मेट्रोच्या तपासणी यंत्रात ओळीने चिमटेच चिमटे दिसायला लागल्यावर तिथली पोलीस बाई उठून उभी राहिली.

"ये क्या है?"

"पापड का चिमटा है," नीला म्हणाली.

"सबके पास? कहाँ जा रहे हो?"

"फूल तोड़ने."

त्या बाईंनी थोडा विचार केला आणि आपण ह्यात पडू नये असं ठरवलं.

बागेत पोचल्यावर मात्र खरी लढाई झाली. मंडळ फुलं तोडायला लागलं आणि सरबती आपल्या मैत्रिणींसह कट्ट्यावर येऊन कमरेला हात लावून उभी राहिली.

"ए बहनजी! फूल तोड़ दोगी तो टेंटी कहाँ से आवैगी?"

"येऊच नये म्हणून तर तोडतोय," लुंबिनीने तिला हिंदीत सांगितलं, आणि शिशाचं सगळं पुन्हा समजावलं. सरबतीने ऐकून घेतलं आणि तेलाचा मुद्दा पुन्हा काढला. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. तेलावर त्यांची फार श्रद्धा होती.

तेवढ्यात फाटकावरून ओमबीर बोलला. "सरबती, तन्नै याद है, जब मैं फैक्टरी में था, मेरे जूते कितने दिन चलते थे?"

"महीना बी ना चालते थे. तला ही गल जा था."

"तो? जो मिट्टी जूता खा गई, उसकी टेंटी तू खावैगी?"

सरबतीचे कमरेवरचे हात खाली आले. सगळ्या गल्लीतल्या बायकांना ते जोडे आठवत होते. प्रत्येकीच्या घरात कोणा ना कोणाचे तसे जोडे होऊन गेले होते. एक म्हातारी आपल्या जागेवर बसल्या बसल्या म्हणाली, "मेरे आदमी के तो मोज़े बी."

"वो तो ठीक," सरबती शेवटी म्हणाली, पण आवाज मऊ झाला होता. "मगर बिना टेंटी के साल कैसे निकलैगा?"

"तुझं माहेर कुठे आहे?" लुंबिनीने विचारलं.

"होडल के पास."

"तिकडे टेंटी आहे?"

"गाम के बाहर सारा कैर ही कैर सै."

"मग मे महिन्यात मी टेंपो करते. तू आणि ज्यांना यायचं त्या सगळ्या. दरवर्षी."

"पीहर? टेंपो में? हर साल?" सरबतीने एकदा ओमबीरकडे बघितलं. ओमबीर लगेच फाटकाचा कडी-कोयंडा तपासायला लागला. मग तिने नीलाच्या हातातला चिमटा काढून घेतला, तो उलटसुलट पाहिला, परत दिला आणि नुसत्या बोटांनी, एकही काटा न लावून घेता, भराभरा फुलं खुडायला लागली. "ऐसे तोड़ते हैं, बहनजी. ये के रोटी सेकण आई हो?"

त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका रोज सकाळी फुलं तोडतात. सरबती तर कळीसुद्धा सोडत नाही. ती फुलं गणपतीला गेली, गल्लीतल्या बालाजीला गेली, एका नव्या नवरीच्या वेणीत गेली. चौदा एप्रिलला लुंबिनीच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोपुढे ताटभर कैराची फुलं होती. ती दुपारपर्यंतच टिकतात, मग मान टाकतात. पण सकाळी असं ताट दिसत होतं, की चंदामावशी म्हणाल्या, "आता खरं पास झालं हे झाड." ओमबीरनेही पाटी दुरुस्त केली. नवीन रंगवायचा कंटाळा म्हणून त्याने 'मना' एवढाच शब्द खरवडून काढला. आता तिथे लिहिलंय: 'फूल तोड़ना है'. येणारे-जाणारे ती आज्ञा मानतात.

मेमध्ये सूदसाहेब आले. खिशात कुलूप. खिसा एका बाजूला चांगलाच लोंबत होता. त्यांनी पहिल्या झुडपाभोवती फेरी मारली, दुसऱ्याभोवती मारली. तिसऱ्याच्या गुंत्यात डोकं घालून एकदम ओरडले, "है! एक है! मैडम, एक टेंटी है!" आणि ती काढायला त्यांनी हात आत घातला. हात आत गेला, बाहेर येईना. कट्ट्यावर डबा खाणारे चौघेजण उठले, कोणी फांदी धरली, कोणी मनगट. सूदसाहेब बाहेर आले तेव्हा बाही फाटली होती, पण टेंटी हातात होती.

"एका टेंटीचं लोणचं घालत नाहीत, सूदसाहेब," लुंबिनी म्हणाली.

सूदसाहेबांनी टेंटीकडे पाहिलं, हातावरच्या ओरखड्यांकडे पाहिलं, हात धरून ओढलेल्या माणसांकडे पाहिलं. ते चौघे आपले डबे उघडे टाकून अजून तिथेच उभे होते. मग त्यांनी खिशातून कुलूप काढून ओमबीरच्या हातात दिलं. "ये… औज़ार वाले कमरे पे लगा देना." आणि कट्ट्यावर बसून कामगारांच्या डब्यातली भेंडी चाखली.

तर फाटक उघडं आहे. टेंपो होडलला जाऊन आला. सरबती माहेरी उतरली तेव्हा म्हणे आधी झाडाशी गेली, मग आईकडे. इकडे सगळ्या बायकांचं लक्ष फरीदाबादला लागल्यामुळे आमच्या डाळिंबाकडे कोणी फिरकलं नाही आणि त्याला इतक्या वर्षांनी फळं धरली आहेत. चंदामावशी त्यांच्याखाली खुर्ची टाकून बसतात. नीला जिन्यावरून येता-जाता त्यांना 'जेवलात का' विचारते.

मागच्या रविवारी होडलच्या टेंटीची बरणी आली. पुन्हा तेच टेबल, तीच माणसं. बरणी मधोमध, आणि कोणी हात पुढे करेना. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मी सुगतकडे.

"लॅबला पाठवलं होतंस ना?" मी लुंबिनीला विचारलं.

"पाठवलं होतं."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही निघालं, एकदम स्वच्छ आहे." तिने झाकण उघडून बरणी आमच्यापुढे तिरपी केली. लॅबमधून ती अर्धीच परत आली होती. "फक्त म्हणाले, पक्की खात्री करायला अजून एक बरणी पाठवा."